माझ्याकडं होतंय की!

आमच्या ऑफिसात फाइल सेव्ह झाली नाही की माणूस पहिला संशय स्वतःवरच घेतो. पुन्हा बटण दाबतो. मग जरा जोर लावून दाबतो, जणू फाइल दारात अडकली आहे आणि ढकलली की आत जाईल. पडद्यावर पुन्हा तोच चौकोन येतो : तुम्हाला इथं सेव्ह करायची परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. मग तो शेजारच्याला विचारतो, "तुझं होतंय का रे?" शेजारच्याचं होत असतं. खुर्च्या वळतात, दोघंतिघं पाठीमागं येऊन उभे राहतात, प्रत्येक जण एकेकदा बटण दाबून आपलं नशीब बघतो, आणि शेवटी टॅलीवाल्या काकू चष्मा कपाळावर सरकवून निकाल देतात, "अण्णांना फोन लावा."

पुण्यातल्या एका पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या केलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं सीएंचं ऑफिस आहे. मोठे सर, धाकटे सर, काकू, मी आणि वीसेक आर्टिकल, म्हणजे सीए व्हायला उमेदवारी करणारी, मुलं-मुली. सगळ्यांचं सगळं काम एका झेड ड्राइव्हवर चालतं. झेड म्हणजे सर्व्हरवरचं शेअर केलेलं फोल्डर. त्यात क्लायंटांची बिलं, बॅलन्सशीट, टॅलीचा डेटा, नोटिसांची उत्तरं आणि कुणाच्या तरी लग्नाचे चारशे फोटो आहेत. या झेडचे मालक कागदोपत्री मोठे सर. पण झेडमध्ये कुणी लिहायचं, कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी बाहेरून दर्शन घेऊन परत फिरायचं, हे अण्णांच्या हातात.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. कंप्यूटरचे सुटे भाग पिशवीतून आणून जोडायचे दिवस होते तेव्हा ते पुण्यात आले आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्यांनी आपलं शिक्षण पुरं केलं. आमच्याकडे ते नोकरीला नाहीत. वर्षाचं कंत्राट आहे. शर्टाच्या खिशात एक टेस्टर, दोन पेनं आणि कसलं तरी बिल. पेनड्राइव्ह मोटरसायकलच्या किल्लीला अडकवलेला. त्यामुळं पेनड्राइव्ह आमच्या सर्व्हरला लागलेला असेपर्यंत अण्णा इमारतीबाहेर जाऊ शकत नाहीत. कंत्राटात लिहिलेल्या सगळ्या अटींपेक्षा आम्हाला हीच हमी जास्त भरवशाची वाटते.

अण्णांची काम करायची पद्धत ठरलेली आहे. आल्या आल्या ते पाणी मागतात. मग तक्रार करणाऱ्याला खुर्चीतून उठवतात. त्याचं लॉगिन बंद करतात. सगळ्यांनी तोंडं फिरवावीत म्हणून एकदा घसा खाकरतात आणि स्वतःच्या ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिननं आत शिरतात. झेड उघडतात. रिकाम्या जागी उजवं बटण दाबून एक नवी टेक्स्ट फाइल तयार करतात, तिला ‘टेस्ट’ असं नाव देतात, आत दोन-चार अक्षरं बडवतात आणि सेव्ह करतात. फाइल मुकाट्यानं सेव्ह होते. मग खुर्ची गर्रकन वळवून, दोन्ही हात पसरून अण्णा म्हणतात,

"माझ्याकडं होतंय की!"

या वाक्यावर अण्णांचं पंचवीस वर्षांचं करिअर उभं आहे.

आता ज्याला थोडंफार कळतं तो म्हणेल, ॲडमिनिस्ट्रेटरकडे होणारच. त्याला सगळीकडे जायची मुभा आहे म्हणूनच तर त्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. हे मी अण्णांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण माझ्याकडं होतंय म्हणजे सर्व्हर चांगला आहे. केबल चांगली आहे. मग राहिलं कोण?" आणि त्यांनी तक्रार करणाऱ्या पोराकडे अशा काही नजरेनं पाहिलं की ते पोर स्वतःची बोटं तपासू लागलं.

ही जात फक्त कंप्यूटरवाल्यांतच असते असं नाही. आमच्या सोसायटीचे चेअरमन तळमजल्यावर राहतात. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून गेलं, की ते आपल्या मोरीतला नळ सोडून दाखवतात.

अण्णांच्या परीक्षेतला दुसरा दोष मात्र माझ्याही फार उशिरा ध्यानात आला. ते टेस्ट करतात झेडच्या अगदी तोंडाशी. मूळ फोल्डरात. अडचण असते पाच पायऱ्या आत. क्लायंट, त्यात वर्ष, त्यात ऑडिट, त्यात ‘फायनल’, त्यात ‘फायनल फायनल’. म्हणजे माजघराचं दार अडलंय म्हणून बोलावलेला सुतार ओसरीवर पाय आपटून ‘घर मजबूत आहे’ म्हणतो तशातला प्रकार. आणि मूळ फोल्डरात आम्हा कुणालाच लिहायचे राइट्स नाहीत, पुसायचे तर नाहीतच. त्यामुळं अण्णांनी केलेली प्रत्येक टेस्ट फाइल तिथं कायमची राहते. ‘टेस्ट’, ‘टेस्ट १’, ‘टेस्ट न्यू’, ‘टेस्ट अण्णा’, ‘आआआ’, ‘टेस्ट काकू मशिन’. एका रिकाम्या दुपारी आर्टिकल मुलांनी मोजल्या, तर एकशे त्रेचाळीस भरल्या. दोनदा सर्व्हर बदलला. दोन्ही वेळा सगळ्या टेस्ट फाइली बॅलन्सशीटांच्या बरोबरीनं नव्या घरी आल्या.

एवढं असून अण्णांना यातलं काही कळत नाही असं म्हणाल तर मी भांडेन. त्यांच्याइतकं हे सोपं करून सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. फक्त त्यांना विचारावं लागतं ते चहा समोर असताना आणि काही बिघडलेलं नसताना.

"हे बघा," अण्णा बशीत चहा ओततात, "शेअर म्हणजे वाडा. वाड्याला दिंडी दरवाजा असतोय. ती शेअरची परमिशन. नेटवर्कवरनं येणारा दिंडीतनंच येणार. आत आला की प्रत्येक खोलीला आपलं आपलं दार. ती डिस्कवरची परमिशन, एनटीएफएसची. दिंडीवाल्यानं सांगितलं ‘जा, काय पाहिजे ते कर’, आणि खोलीवाल्यानं सांगितलं ‘नुसतं बघून जा’, तर नुसतंच बघायचं. उलटं असलं, खोली सताड उघडी आणि दिंडीवाला म्हणतोय ‘नुसतं बघ’, तरी नुसतंच बघायचं. दोघांत जो खडूस, त्याचं चालतंय."

मी ते एनटीएफएस नंतर वाचून काढलं. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलं ते. म्हणजे आमच्यातल्या निम्म्या आर्टिकल मुलांच्या आईवडिलांची तोवर लग्नंही झालेली नव्हती. तेव्हापासून या दोन दारांमध्ये माणसं अडकताहेत.

दिंडीच्या बाबतीत अण्णांची एक जुनी जखम आहे. विंडोज २००० मध्ये एखादं फोल्डर शेअर केलं, की दिंडी आपोआप सगळ्यांना सताड उघडी असे. पुढं एक्सपीला पहिला सर्व्हिस पॅक आला, २००३ चा सर्व्हर आला, आणि मायक्रोसॉफ्टनं ठरवलं की नव्या शेअरला सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी द्यायची. लिहायची हवी असेल तर मुद्दाम द्यावी लागेल. यामागं शहाणपण होतं, हे अण्णाही मान्य करतात. पण त्या काळाविषयी बोलताना त्यांचा आवाज जरा बदलतो. पूर्वी गावात कुणी कडी लावत नसे असं सांगताना म्हाताऱ्यांचा बदलतो, तसा.

मनाई म्हणजे ‘डिनाय’ समजावताना ते लग्नाच्या बैठकीत शिरतात. "दहा जण हो म्हणाले आणि एक आत्या नाही म्हणाली, तर सोयरीक मोडली. डिनाय म्हणजे ती आत्या. तुमचं नाव पाच ग्रुपात असू दे, चार ग्रुप लिही म्हणू देत, पाचवा नको म्हणाला की बोंबललं." मग बशी खाली ठेवून, आवाज उतरवून, "पण आता यातली मेख सांगतो. आत्याची नाही वरनं, आज्याकडनं वारशानं आलेली असली आणि पोरीच्या बापानं ह्याच पोरीपुरतं स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं असलं, तर बापाचं चालतंय. तिथं आत्या गप." वरच्या फोल्डरातून उतरलेली मनाई आणि त्याच फोल्डरावर थेट दिलेली परवानगी यांतला हा फरक पुस्तकं दोन पानांत सांगतात आणि तरीही तो डोक्यात शिरत नाही. मला तो बशीभर चहात कळला.

काकूंनाही अण्णांनी असंच एकदा शहाणं केलं होतं. धाकट्या सरांच्या खासगी फोल्डरातलं एका क्लायंटचं काम सगळ्यांना दिसावं, म्हणून काकूंनी ते फोल्डर उचलून सार्वजनिक फोल्डरात टाकलं. कट आणि पेस्ट. आणि गंमत अशी, की ते तिथं गेलं तरी कुणालाच उघडेना. अण्णा म्हणाले, "वैनी, त्याच डिस्कवर कट करून हलवलं की ते जुन्या परवानग्या घेऊनच जातंय. सासरी आलं तरी माहेरचा हट्ट. कॉपी केलं असतं तर नवं जन्मलं असतं, इथल्या घराच्या रीतीनं वागलं असतं." तेव्हापासून काकू कट करत नाहीत. सगळंच कॉपी करतात. झेड भरत आलाय तो त्यामुळं.

पण सिद्धान्त एवढा पक्का असलेल्या माणसाच्या काही समजुती मात्र विलक्षण आहेत. त्यांतली एक म्हणजे परवानगी मुरावी लागते.

गेल्या वर्षी एक नवी आर्टिकल मुलगी आली. तिला ऑडिटच्या फोल्डरात लिहायचे राइट्स हवे होते. अण्णांनी फोनवरूनच तिला ‘ऑडिट’ ग्रुपमध्ये टाकलं. "दिलंय. बघ आता." तिनं बघितलं. नाही. तासाभरानं बघितलं. नाही. तिनं दुपारभर फोन केले आणि अण्णांनी दुपारभर सांगितलं, "दिलंय की पोरी. माझ्याकडं दिसतंय तुझं नाव." संध्याकाळी ती जवळजवळ रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली तर सगळं सुरळीत. अण्णांना कळवलं, तर त्यांनी अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. "लोणचं घातल्या घातल्या खातंय का कुणी? रात्रभर मुरू द्यायचं असतंय."

खरी गोष्ट साधी आहे. माणूस सकाळी लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याला एक पास बनवून देतं आणि तो कुठल्या कुठल्या ग्रुपात आहे ते त्याच्यावर लिहितं. दिवसभर तोच पास चालतो. दुपारी तुम्हाला नव्या ग्रुपात घातलं तरी खिशातल्या पासवर ते नाव आपोआप उमटत नाही. एकदा लॉग ऑफ होऊन पुन्हा आत आलात की नवा पास, नवी नावं. त्या मुलीनं दुपारी दोन मिनिटं लॉग ऑफ केलं असतं तरी काम झालं असतं. हे मी अण्णांना समजावलं. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. मुरू द्यायचं." यावर मी काय बोलणार? आता आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात, राइट्स आजच मागून ठेवा, उद्यापर्यंत मुरतील.

जुन्या दिवसांत तर याहून मौजा होत्या. तेव्हा सर्व्हर वगैरे काही नव्हतं. कोपऱ्यातल्या एका एक्सपीच्या मशिनलाच अण्णांनी सर्व्हर म्हणून नेमलं होतं. त्या एक्सपी प्रोफेशनलला एका वेळी दहाच जोडण्या सोसत. ऑफिसात माणसं होती तेरा. अकरावा आला की त्याला बाहेर ठेवत. अण्णांनी यावर तोडगा काढला : "एकानं चहाला जावा." चहाला गेलेल्या माणसाची जोडणी निवांत पडली की पंधराएक मिनिटांनी आपोआप सुटायची आणि बाहेरचा आत यायचा. आमच्या ऑफिसला दिवसातून सहा वेळा चहा प्यायची सवय लागली ती या कारणानं. मोठ्या सरांना वाटतं मुलं आळशी आहेत.

मस्कतच्या मुलीची गोष्टही सांगितली पाहिजे. एक महत्त्वाची एक्सेल फाइल उघडली की चौकोन यायचा : ही फाइल अमुक अमुक बाईंनी उघडली असल्यामुळं बंद आहे, तुम्ही फक्त वाचू शकता. त्या बाई चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आर्टिकल होत्या. लग्न होऊन मस्कतला गेल्या. तिथून त्या आमची फाइल कशी उघडतात? एका मुलानं त्यांना व्हॉट्सॲपवर ‘ताई, प्लीज फाइल बंद करा’ असा मेसेजही टाकला. नंतर उलगडा झाला. त्यांचं जुनं मशिन आता काकूंकडे आहे आणि त्यातल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये अजून त्या बाईंचंच नाव आहे. फाइल काकू उघडत होत्या. अण्णांनी ती नाव बदलायची जागा पाच सेकंदांत शोधली. पण काकूंनी नाव बदलू दिलं नाही. आपण फाइल अडवून ठेवतो हे ऑफिसला मस्कतच्या नावावर खपत असेल, तर त्यांना चालणार होतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

अण्णांकडे एक रामबाण आहे. काहीच जमेना, लोक फार कावले, की ते फोल्डरवर ‘एव्हरीवन’ घालतात आणि त्यापुढं ‘फुल कंट्रोल’ची खूण करतात. सगळ्यांना सगळं. मुलं त्यांना पाठीमागं फुलकंट्रोल अण्णा म्हणतात ते याचमुळं. आणि खरं सांगायचं तर ऑफिसात तो दिवस दिवाळीसारखा जातो. सगळ्यांचं सगळं सेव्ह होतं. टॅली पळतं, एक्सेल पळतं. दोन महिन्यांनी कुणाचा तरी माऊस घसरतो आणि एका मोठ्या क्लायंटचं आख्खं फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतं किंवा सरळ नाहीसं होतं. सर संतापतात. अण्णा रविवारच्या बॅकअपमधून ते परत आणतात. सोमवार ते बुधवारचं काम गेलं ते गेलंच. मग हुकूम सुटतो, डिलीट कुणालाच नको. अण्णा डिलीटची खूण काढून टाकतात. मग तक्रारी सुरू होतात की सेव्ह होत नाही. अण्णा येतात. पाणी, खाकरणं, टेस्ट फाइल, "माझ्याकडं होतंय की!" पंधरा दिवस असे गेले की पुन्हा रामबाण. आमच्या ऑफिसात उन्हाळा-पावसाळ्याइतकं हे नियमित आहे.

मागच्या जूनमध्ये चौदा वर्षं जुन्या क्लायंटचं फोल्डर घसरलं, तेव्हा मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "अण्णा, यापुढं या ऑफिसात एव्हरीवन हा शब्द निघता कामा नये." अण्णांनी डिलीट काढलं, मान खाली घातली आणि निघून गेले.

तक्रारी आणि टेस्ट फाइली नेहमीसारख्या सुरू झाल्या, रामबाण मात्र आता चालणार नव्हता. सप्टेंबर आला. टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टची मुदत ३० तारखेची. मुदतवाढ मिळणार अशी अफवा दरवर्षी असते, त्याही वर्षी होती, आणि तिच्या भरवशावर निम्मं काम शेवटच्या तीन दिवसांवर आलेलं. २९ तारखेला संध्याकाळी काकूंची एक्सेल फाइल सेव्ह होईना. मग माझी होईना. मग कुणाचीच होईना. फोल्डरात मात्र भलत्याच फाइली वाढत चालल्या होत्या. नावं म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरांची आठ-आठ जणांची रांग, पुढं मागं काही नाही. एका मुलाला वाटलं व्हायरस. त्यानं नेटवर्कची केबलच उपटली. २०१७ साली वॉनाक्राय आलं तेव्हाही त्यानं हेच केलं असतं, पण तेव्हा तो शाळेत होता.

अण्णांना फोन लागला. अण्णा रिक्षानं आले. उजवा हात गळ्यात. चार दिवसांपूर्वी कात्रजच्या उतारावर गाडी घसरली होती आणि मनगट प्लास्टरमध्ये होतं. खिशात टेस्टर डाव्या बाजूला आलेला. पाणी प्यायले. काकूंना उठवलं, खुर्चीत बसले, खाकरले. आम्ही तोंडं फिरवली. मागून खट, खट, खट असा एका बोटाचा आवाज आला आणि मग एक शिवी. अण्णांचा पासवर्ड लांब आहे. त्यात शिफ्ट दाबून करायची चिन्हं आहेत आणि ती एका हाताला, त्यातून डाव्या, जमत नाहीत. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला. आणखी चुकला तर लॉगिन बंद पडायची भीती. पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तो अण्णांच्या बायकोलाही माहीत नाही.

"वैनी," अण्णा उठले, "तुम्हीच बसा. तुमच्याच लॉगिननं. मी मागनं सांगतो."

पंचवीस वर्षांत अण्णा पहिल्यांदाच खुर्चीच्या मागं उभे राहिले. तिथून ऑफिस कसं दिसतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"टेक्स्ट फाइल करा. जिथं अडतंय तिथंच." काकूंनी फायनल फायनलमध्ये केली. सेव्ह झाली. अण्णांचा चेहरा उजळला, तोंड उघडलं, पण ‘माझ्याकडं’ म्हणायची सोय नव्हती. "आता एक्सेल." काकूंनी एक आकडा बदलला आणि सेव्ह केलं. चौकोन. परवानगी नाही. आणि त्याच क्षणी फोल्डरात ती आठ अक्षरांची एक नवी फाइल उगवली.

अण्णा त्या फाइलीकडे बघत राहिले. आम्ही सगळे अण्णांकडे.

"अगं बाई," अण्णा म्हणाले. असं ते कधी म्हणत नाहीत. "एक्सेल जुन्या फाइलीवर लिहीत न्हाई ओ. शेजारी नवी करतंय, तिच्यात सगळं लिहितंय. मग जुनी पुसतंय आणि नवीला जुनीचं नाव देतंय. आणि मी जूनमध्ये पुसायचंच काढून घेतलं समद्यांचं!"

म्हणजे नोटपॅड त्याच फाइलीवर लिहितं, म्हणून चालतं. एक्सेलला नवी फाइल करता येते, कारण लिहायची परवानगी आहे. जुनी पुसता येत नाही, कारण डिलीट नाही. मग ते अर्ध्यावर अडतं आणि तात्पुरती फाइल तिथंच टाकून हात वर करतं. आठ अक्षरांच्या त्या सगळ्या फाइली म्हणजे आमची तीन महिन्यांची अर्धवट राहिलेली सेव्ह. आणि अण्णा तीन महिने तपासत होते टेक्स्ट फाइल, तीही ओसरीवर, तीही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. एकाच परीक्षेत तीन तऱ्हेनं पास व्हायची सोय होती ती.

पुढचं काम त्यांनी वीस मिनिटांत उरकलं. चौथ्या खेपेला पासवर्ड बसला. सगळं ऑफिस श्वास रोखून भिंतीकडे बघत होतं. एव्हरीवनला त्यांनी हात लावला नाही. ऑडिट ग्रुपला नुसत्या ‘राइट’ऐवजी ‘मॉडिफाय’ दिलं. मॉडिफायमध्ये पुसणं येतं. परवानग्या बदलणं किंवा मालकी बळकावणं येत नाही, ते फुल कंट्रोलमध्ये. क्लायंटच्या बाहेरच्या फोल्डरांना मात्र पुसायची मुभा ठेवली नाही, ती फक्त त्यांच्या आतल्या फाइलींना आणि फोल्डरांना. म्हणजे माऊस घसरला तरी आख्खा क्लायंट घसरणार नाही. मग ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ नावाचं एक पान उघडून त्यांनी काकूंचं नाव घातलं. काकूंना नक्की काय काय करता येतं त्याची हिरव्या खुणांची यादीच समोर आली. दोन्ही दारं, सगळे ग्रुप, आत्या, आजोबा, सगळ्यांचा हिशोब करून.

"हे पान आधीपासून होतं का?" धाकट्या सरांनी विचारलं.

"होतं की," अण्णा म्हणाले. "बघायची वेळ कुणाला आली?"

काकूंनी सेव्ह दाबलं. झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना एका हातानं वाजवता येईनात, म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली. रात्री साडेदहाला मोठ्या सरांनी मिसळ मागवली. एवढ्या रात्री मिसळ मिळते हेही आम्हाला तेव्हाच कळलं. रिपोर्ट ३० तारखेला दुपारी गेले. मुदतवाढ मिळाली की नाही हे त्या वर्षी पहिल्यांदाच कुणी विचारलं नाही.

त्यानंतर झेड नीट चालतंय. फाइल अडत नाही, फोल्डर घसरत नाही. मला वाटलं होतं, अण्णाही बदलले असतील. आता ते आधी माणसाला खुर्चीत बसू देतील, स्वतः मागं उभे राहतील. नोव्हेंबरात प्लास्टर निघालं. त्याच आठवड्यात ते सहज म्हणून येऊन गेले. पाणी प्यायले, मला उठवलं, खाकरले. मी तोंड फिरवलं. दोन्ही हातांचा खडखडाट ऐकला, मग खुर्ची वळल्याचा आवाज.

"होतंय की माझ्याकडं!"

मूळ फोल्डरात आता एकशे चव्वेचाळीस टेस्ट फाइली आहेत. शेवटचीचं नाव ‘टेस्ट हात ओके’. ती डिलीट होत नाही.